शांत अळ्या

एक गोष्ट अशी आहे, जी मी मनातल्या मनातसुद्धा कधी पूर्ण वाक्यात म्हटलेली नाही. अर्ध्यावर येते आणि दुसरंच काहीतरी काम काढते — ओटा पुसते, मोबाइल चार्जिंगला लावते. आईला ती माहीत नाही. मॅडमना माहीत नाही. जिला सगळ्यांत आधी कळायला हवी होती, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि न ओळखणाऱ्या माणसाशी बोलणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. यात धीटपणा काही नाही. तसा गैरसमज नको.

मराठीत लिहायची मला सवय नाही. शाळा इंग्रजी, रस्ता हिंदी, आणि मराठी फक्त उंबऱ्याच्या आत — जुन्या इंदुरात आमच्यासारख्या बहुतेक घरांत असंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. पण इंग्रजीत मी हे एकदा लिहून चुकले आहे, आणि तिथे ते फार गुळगुळीत झालं. 'अळ्या निवडण्यात आल्या.' शास्त्राच्या लेखात असंच लिहितात. कोणी निवडल्या, असं कुणी विचारत नाही. तो पेपर छापून आला. त्यावर पहिलं नाव माझं आहे.

अळ्या मी निवडल्या होत्या.

बघा, एवढं लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले. तहान नव्हती.

बरं, आधी लॅबचं सांगते. ते सोपं आहे.

आमच्या लॅबमध्ये किडे होते आणि जंत होते. जंत म्हणजे पोटातले नव्हेत. मातीत राहणारे, सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या धाग्यासारखे दिसणारे. एका खोलीत ते, दुसऱ्या खोलीत अळ्या. दोन्हीकडे शोध एकाच गोष्टीचा — न्यूरोपेप्टाइड. नसांमधल्या पेशी शरीराला निरोप धाडत असतात, त्या निरोपांचे हे इवलेसे रेणू. आता खा. आता पुरे. आता झोप. आता कात टाक. माणसांतही असतात, पण किड्यांत आणि जंतांत ते पकडायला सोपे. जीवच केवढासा, त्याला निरोप तरी असे किती लागणार? मला हे काम मनापासून आवडायचं. हे मुद्दाम लिहिते आहे. कंटाळलेल्या माणसाच्या हातून झालं असतं तर ते निदान समजण्यासारखं असतं.

लॅब मॅडमची, त्याच माझ्या पीएचडीच्या गाइड. त्यांचं एक स्वप्न होतं. आमच्याकडे माळव्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, आणि सोयाबीनवर इल्ली. इल्ली म्हणजे अळी. इंदुरात मराठी माणूससुद्धा इल्लीच म्हणतो. पानाची चाळणी करून टाकते. मग लोक विष फवारतात. मॅडम म्हणायच्या, विष कशाला? 'पोट भरलं' असं सांगणारा रेणू अळीच्याच अंगात आहे. तो नीट हाती लागला, तर तिची भूकच काढून घेता येईल. तसा एक रेणू त्यांनी बाहेरून बनवून मागवला होता. कुपीच्या तळाला चिकटलेली पांढरी भुकटी, दिसेल न दिसेल इतकीच, आणि भयंकर महाग. ती कुपी माझ्याकडे देताना मॅडम म्हणाल्या, "केतकी, हे सांडलंस तर मला सांगायला येऊ नकोस. सरळ गाव सोड." विनोद होता. मी हसले. पण आतून गार पडले.

प्रयोग असा. एकाच वयाच्या अळ्या घ्यायच्या. अर्ध्यांना त्या रेणूचं द्रावण टोचायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग प्रत्येकीला वेगळ्या डबीत एरंडाच्या पानाची एक गोल चकती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी किती खाल्लं ते बघायचं. रेणू खरा असेल, तर द्रावण टोचलेल्या अळ्या कमी खातील. बस.

फक्त कुठल्या अळीला काय टोचायचं, हे आपल्या मनाने ठरवायचं नसतं. चिठ्ठ्या टाका, डोळे मिटून उचला, काहीही करा — पण आपला कल मध्ये येऊ द्यायचा नाही. हे मला माहीत नव्हतं का? नवीन मुलींना हे मीच शिकवत असे.

पण माझे हात कापतात. लहानपणापासून. वर्गात उभं केलं की, पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे नेताना, सही करताना कुणी बघत असेल तर. आणि अळी टोचायला घेतली की वळवळते. मान वळवून चक्क सुईवर धावून येते. सुई आत असताना ती वळली, तर टोचलेलं सगळं बाहेर. मिठाचं पाणी वाया गेलं तर गेलं. पण ते द्रावण? म्हणून मी काय करायला लागले — ट्रेमध्ये ज्या अळ्या शांत पडलेल्या असत, हात लावला तरी न हलणाऱ्या, त्या द्रावणासाठी बाजूला काढू लागले. आणि चळवळ्या होत्या, त्या मिठाच्या पाण्याला. सुरुवातीला ठरवून नव्हे. हात आपोआप तिकडे जायचा. नंतर नंतर — ठरवून.

तुम्ही कधी अळ्या पाळल्या नसतील, म्हणून पुढचं सांगावं लागेल. अळी वाढताना कात टाकते. आणि कात टाकायच्या आधी ती शांत होते. खाणं सोडते. एका जागी चिकटून बसते, अंग ताणल्यासारखं चकचकीत दिसतं, आणि डोक्याचं जुनं कवच पुढे सरकतं — कुणी टोपी कपाळावर ओढून घ्यावी तसं. अशा वेळी तिला काहीही टोचा किंवा टोचू नका, ती खाणारच नाही. जंतांचंही तेच, कात टाकण्याआधी ते खाणं थांबवून निजतात. आमच्या विषयातला हा अगदी पहिला धडा. मी यावर सेमिनार दिला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणजे मी भूक मेलेल्या अळ्याच वेचून घेत होते, त्यांना महागाचं औषध टोचत होते, आणि दुसऱ्या दिवशी बघत होते — अरे वा, यांनी काही खाल्लं नाही.

कसं दिसलं नाही मला? हा प्रश्न मी स्वतःला खूप विचारला आहे. उत्तर इतकंच सापडतं, की मी अळ्यांकडे बघतच नव्हते. मी सुईकडे बघत होते.

आकडे आले ते सुंदर आले. मॅडमनी आलेख बघून चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अगं, इतका फरक?" असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. "हातगुण आहे गं तुझ्यात." आपल्याकडे एखाद्या डॉक्टरबद्दल म्हणतात ना, त्यांच्या हाताला गुण आहे, तसं. लॅबमध्ये सगळं हिंदी-इंग्रजीत चालायचं. मॅडमही मराठी, मीही मराठी, म्हणून माझ्याशी त्या मराठीत बोलायच्या. कधी डब्यातली थालीपिठाची चतकोर माझ्या झाकणात ठेवायच्या. मी कमी बोलते. त्यांना ते खानदानी वाटायचं. लोकांना गप्प माणूस प्रामाणिक वाटतो — हे मला फार लहानपणी कळलं होतं, आणि मी ते कधीच कुणाच्या डोक्यातून काढलं नव्हतं.

मग एका खेपेला मध्ये सुट्ट्या आल्या. मोजून झालेल्या डब्या तशाच राहिल्या. सुट्टीनंतर धुवायला घेतल्या, तेव्हा झाकण उघडलं तर तळाशी कात पडलेली. चुरगळलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. शेजारी डोक्याचं कवच, मोहरीच्या दाण्याएवढं. पुढची डबी उघडली. तेच. त्याच्या पुढची. तेच. सगळ्या द्रावणाच्या डब्या. मिठाच्या पाण्याच्या डब्यांत कुठे एखादी कात असेल-नसेल. आणि ज्यांची भूक आम्ही काढून घेतली म्हणत होतो, त्या अळ्या कात टाकून मोकळ्या झाल्या होत्या, आणि उरलेली पानं शिरांसकट फस्त करून वर बघत होत्या.

कळायला काही वेळ लागला नाही. मी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं.

मग मी नळ सोडला. सगळ्या डब्या धुतल्या, ब्रशने घासून. बेसिनच्या जाळीत कवचं अडकली होती, ती बोटाने आत ढकलली.

निवडताना झाली ती चूक होती. चूक कुणाचीही होते. पण हे धुणं — याला मी काय म्हणू?

सांगता आलं असतं. अगदी सहज. "मॅडम, निवडण्यात घोळ झालाय, परत करते." त्या चिडल्या असत्या, चार दिवस बोलल्या नसत्या, आणि मग परत कर म्हणाल्या असत्या. तोवर पेपर अर्धा लिहून झाला होता, त्यांनी बाहेर दोन-तीन जणांना सांगितलंही होतं — ही कारणं मी नंतर जमवली. त्या दिवशी नळाशी उभी असताना माझ्या मनात फक्त एवढंच आलं, की उद्यापासून त्या माझ्याशी हिंदीत बोलतील.

हसू नका. किंवा हसा. एवढ्याचसाठी केलं मी.

पेपर स्वीकारला गेल्याची बातमी आली तेव्हा आई मला खजरान्याला घेऊन गेली. तिथे गणपतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक उलटा स्वस्तिक काढून मागणं मागतात, आणि पूर्ण झालं की येऊन सुलटा काढतात. आईने माझ्यासाठी केव्हाचा उलटा काढून ठेवला होता. मला पत्ताही नव्हता. "चल आता, सुलटा करून टाकू. बाप्पा वाट बघून राहिले असतील, ही मराठे लोकं कामं करवून घेतात नि विसरून जातात म्हणून," ती रिक्षात म्हणाली, आणि रिक्षावालासुद्धा हसला. भिंतीपाशी मी म्हटलं, तू काढ ना. "माझं काम थोडंच झालंय? तुझं झालंय. काढ." मी बोट शेंदरात बुडवलं आणि काढला. मला वाटलं होतं हात कापेल. अजिबात कापला नाही. रेघा इतक्या सरळ आल्या की आईने फोटो काढून मावशीला पाठवला.

इथपर्यंत मी फक्त स्वतःशी आणि कागदाशी खोटी होते. इथेच थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण मग भावना आली.

भावना इंदुराजवळच्या हातोद गावची. रोज बसने यायची, उतरल्यावर तिचा आवाज आधी यायचा आणि मग ती. हिंदी माध्यमात शिकलेली. इंग्रजी पेपर वाचताना प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवायची, पण वाचून झालं की असा एखादा प्रश्न विचारायची की आम्ही बघत राहायचो. मला दीदी म्हणायची. "दीदी, आप से ज़्यादा तो मेरी इल्लियाँ बोल लेती हैं," असं म्हणून स्वतःच खदखदून हसायची. तिच्या डब्यातली लसणाची चटणी मला आवडते हे तिला न सांगता कळलं होतं; मग ती माझ्यासाठी वेगळी पुडी आणू लागली. ती प्रोजेक्टवर तात्पुरती होती. पीएचडीला नाव लागावं, ही तिची एकुलती एक इच्छा. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं — यंदा नाव लागलं तर शीक, नाहीतर मग आलेलं स्थळ बघू. आणि मॅडमनी तिला सांगितलं, केतकीचा प्रयोग तू स्वतःच्या हाताने पुन्हा करून दाखव. तो जमला की पुढचं काम त्यावरच उभं करू, तुझं नाव लावू.

माझा प्रयोग. जो कुणालाच जमणार नव्हता.

भावनाने तो नीट केला. म्हणजे जसा करायचा असतो तसा. चिठ्ठ्या टाकून, डोळे मिटून, एकेक अळी उचलून. तिचा हात स्थिर होता; अळी कितीही वळवळली तरी ती तिच्याशी माळवीत काहीतरी पुटपुटत, लाडीगोडी लावत अलगद टोचायची. आणि अर्थातच फरक काही आला नाही. दोन्हीकडच्या अळ्यांनी सारखंच खाल्लं. तिने परत केला. परत तेच.

मग एका दुपारी ती माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसली. "दीदी, एक बात बताओ. आप इल्ली छाँटती कैसे हो? मेरी वाली तो मरी खाए ही जा रही हैं, जैसे ब्याह में आई हों."

मी हसले. विनोद चांगला होता. पण प्रश्न — तो प्रश्न तिने अगदी बरोबर जागी ठेवला होता. टोचता कशा, नाही विचारलं. द्रावण बनवता कसं, नाही विचारलं. छाँटती कैसे हो — निवडता कशा. ती दाराशी येऊन उभी होती, फक्त कडी आतून माझ्याकडे होती.

"बस, ऐसे ही," मी म्हटलं. "जो हाथ में आ जाए."

तिने मान डोलावली. लगेच विश्वास ठेवला. "फिर तो मेरा हाथ ही निकम्मा है," ती म्हणाली, आणि उठून परत कामाला लागली.

हे ते खोटं. सात-आठ शब्दांचं. मी आयुष्यात इतकं कमी बोलले आहे, आणि त्यातले हे.

त्यानंतर मॅडमनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नसत. हिंदीत शांतपणे म्हणाल्या, केतकीने केलं तर झालं, तू केलंस तर नाही झालं, मध्ये बदललं काय? कुपी फ्रीझरबाहेर राहिली असेल. नाहीतर सुई घाईने काढत असशील. भावना म्हणाली, "नहीं मैडम, हर बार तुरंत अंदर रखी है, कसम से." कसम से — शास्त्राच्या खोलीत हे शब्द फार गावठी वाटतात. मॅडमच्या चेहऱ्यावर ते उमटलं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुला काय वाटतं गं?"

भावनाला मराठी येत नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

काय बोलले मी? मी म्हटलं, "मी... काय सांगणार, मॅडम." आणि खाली बघितलं.

खाली बघितलं ते लाजेने. पण मॅडमना वाटलं, या मुलीला दुसरीची चूक माहीत आहे आणि चांगलेपणाने ती सांगत नाही. त्यांच्या नजरेतच दिसलं ते — माझ्याबद्दलचं कौतुक. आणि मी ते राहू दिलं. एक शब्द खोटा बोलले नाही त्या खोलीत. माझ्या गप्प बसण्याने सगळं काम केलं.

भावनाचं नाव लागलं नाही. प्रोजेक्टचं वर्ष संपलं तेव्हा तिची मुदतही वाढवली नाही. 'हात अजून बसलेला नाही' असा शेरा तिच्याबद्दल पुढे कुठे कुठे गेला असेल, मला माहीत नाही. पण मॅडमचा शब्द आमच्या क्षेत्रात ऐकला जातो. शेवटच्या दिवशी तिने आपलं कपाट स्वतः पुसलं, अळ्यांना ताजी पानं घातली. "अच्छा दीदी, ध्यान रखना इनका. और अपना भी, कुछ खाया करो." चटणीची पुडी त्या दिवशीही होती.

ती गेल्यावर एकदा मी प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून, डोळे मिटून. कुणाला न सांगता. दोन्हीकडच्या अळ्यांनी सारखंच खाल्लं. ते आकडे मी कुठेही उतरवले नाहीत. सगळं कचऱ्यात टाकलं आणि घरी जाऊन जेवले.

तेव्हा आता सरळ लिहिते. तो रेणू अळीची भूक मारतो, याचा माझ्याकडे कधीच पुरावा नव्हता. भावनाचे आकडे खरे होते. तिच्या हातात काही खोट नव्हती. खोट माझ्या आकड्यांत होती, हे मला भावनाने पहिली सुई उचलायच्या आधीपासून माहीत होतं, आणि तिला तिथून जाताना मी बघत राहिले. माझ्या प्रबंधातलं सगळ्यांत मोठं प्रकरण त्याच अळ्यांवर आहे. माझ्या नावामागे आता डॉक्टर लागतं. आईने दारावरची पाटी बदलून आणली, तेव्हाही मी काही बोलले नाही.

अजून एक राहिलं. आणि खरं तर हेच मला सांगायचं होतं. बाकीचं सगळं इथे पोचायला वेळ काढणं होतं.

गेल्या हिवाळ्यात मला हातोदकडच्या एका खासगी कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेला परीक्षक म्हणून बोलावलं. मी गेले. प्राणिशास्त्राच्या खोलीत शिरले तर समोर भावना. मला बघून किंचाळलीच. "अरे दीदी! आप!" मग मुलांकडे वळून, "ये मेरी सीनियर हैं, बहुत बड़ी साइंटिस्ट हैं, सीधे बैठो सब." ती तिथे शिकवते. लग्न झालं आहे, मुलगी आहे. फोनवर फोटो दाखवला. पूर्वीसारखीच मोठ्याने हसते.

मुलांना त्या दिवशी झुरळाच्या तोंडाचे अवयव वेगळे करून काचपट्टीवर मांडायचे होते. एका मुलीला जमेना, ती रडकुंडीला आली. भावना तिच्यापाशी गेली, तिला समजावलं, धीर दिला, पण चिमट्याला हात लावला नाही. दुसऱ्या एका सरांना हाक मारली, "सर, ज़रा इसको दिखा दो." मग माझं लक्ष गेलं, की प्रत्येक वेळी ती तेच करत होती. फळ्यावर आकृती तिची, समजावणं तिचं, आणि हाताचं काम आलं की सरांना हाक. मी बघते आहे असं पाहून ती हसली. "मैं ये नहीं करती, दीदी. आप को तो पता ही है, मेरे हाथ में वो बात नहीं। बच्चों का नुकसान क्यों करूँ?"

अळीला गोंजारत टोचणारे ते हात. मी बघितले होते ते.

परीक्षा संपल्यावर तिने मला स्टाफरूममध्ये बसवलं. चहा मागवला, बशीत नमकीन काढलं. सर निघून गेले, आम्ही दोघीच उरलो. तिने उठून दार लोटलं. मग म्हणाली, "दीदी, एक बात कहूँ? उस टाइम पे सबने मेरे को कुछ न कुछ सुनाया। मैडम ने, ऑफिस वालों ने, घर पे पापा ने। एक आप थीं, जिसने एक शब्द नहीं कहा। मैं तो घर में सबको बताती हूँ आपके बारे में।"

दार लोटलेलं होतं. बाहेर मुलं परीक्षा कशी गेली ते ओरडून सांगत होती. आम्हाला कुणी ऐकणार नव्हतं. सांगायला याहून चांगली वेळ मला कधीच मिळणार नाही, हे मला त्याच क्षणी स्पष्ट कळत होतं.

"अरे, उसमें क्या," मी म्हटलं.

तिने बशी माझ्याकडे सरकवली. मी नमकीन घेतलं, चहा संपवला, आणि आणखी घेणार का विचारल्यावर हो म्हटलं.